दादाच्या वतीने

१

सकाळी सव्वानऊला बायको कामावर जाते. ती कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये आहे. दिवसभर दुसऱ्यांचे दात घडवते आणि संध्याकाळी माझे दात माझ्याच घशात घालते, असं मी पाहुण्यांना सांगतो. ती गेली की मी चहाचा कप घेऊन मागच्या खोलीत बसतो. खोली लहान आहे. एका बाजूला इस्त्रीचं टेबल, दुसऱ्या बाजूला माझं, आणि माझ्या टेबलाखाली कॉम्प्युटर, जो तीन वर्षांत मी मुद्दाम म्हणून चारदा बंद केला असेल. तीन दवाखान्यांचे कॉम्प्युटर मी इथूनच सांभाळतो. उंटावरून शेळ्या हाकायचा धंदा आहे, पण पोटापुरतं मिळतं.

दवाखान्यांच्या तक्रारी उघडण्याआधी मी बॉटची हजेरी घेतो. बॉट म्हणजे माझ्या जागी क्रिप्टोची खरेदी-विक्री करणारा प्रोग्राम. त्याला झोप नाही, हाव नाही, भीती नाही, म्हणून तो माझ्यापेक्षा शहाणा, अशी माझी समजूत होती. त्याचे तीन भाग आहेत आणि प्रत्येक भाग आपापल्या कंटेनरमध्ये राहतो. कंटेनर म्हणजे एकाच कॉम्प्युटरमध्ये आखलेली बंद खोली. आत एकच प्रोग्राम, त्याला लागेल तेवढंच सामान, आणि बाहेरचं त्याला काही दिसत नाही. आतला मेला तर ती खोली पाडायची आणि हुबेहूब तशीच दुसरी उभी करायची. नव्या खोलीतल्याला जुन्याचं काही आठवत नाही. माझ्या तीन खोल्यांची नावं होती ‘भाव’, ‘डोकं’ आणि ‘हात’.

त्या मंगळवारी यादीत चार नावं होती. चौथं होतं ‘दादा’.

नावापुढे ती खोली किती काळ चालू आहे ते लिहिलेलं असतं. पहिल्या तिघांपुढे सहा दिवस होते, कारण सहा दिवसांपूर्वी वीज गेली होती आणि सगळंच नव्याने उठलं होतं. ‘दादा’पुढे चार महिने होते. वीज गेल्यावर सगळ्या खोल्या पडतात. एखादी तशीच उभी राहणं शक्य नसतं. आणि ‘दादा’ मी चार महिन्यांपूर्वी माझ्या हाताने पुसून टाकला होता.

मी चहा संपवला, कप विसळून आलो आणि यादी पुन्हा मागवली. चार.

२

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. चौदा वर्षांनी मोठा. आईवडील लवकर गेले तेव्हा मी सहावीत होतो आणि तो छापखान्यात मुद्रितं तपासत होता. मला वाढवायच्या नादात लग्न राहून गेलं, असं तो कधी म्हणाला नाही. मीच म्हणतो, आणि तेही आता.

छत्तीस वर्षं त्याने दुसऱ्यांच्या चुका शोधल्या. त्याची एक पद्धत होती. आकडे तो आधी सरळ वाचायचा आणि मग उलटे, उजवीकडून डावीकडे. सरळ वाचताना डोळा अंदाज बांधतो, म्हणायचा, उलटं वाचताना त्याला तशी सवड मिळत नाही. त्याच्या नजरेतून काही सुटत नसे. कुठल्या पुस्तकाच्या कितव्या पानावर काय राहून गेलं होतं, ते वीस वर्षांनीही सांगायचा. एवढाच एक गर्व त्या माणसाला होता.

निवृत्तीचे पैसे त्याने बॉटमध्ये घालायला दिले ते एका अटीवर: मोठा सौदा त्याला विचारल्याशिवाय करायचा नाही. मीही कौतुकाने तशी सोय केली. सौदा करायच्या आधी बॉट त्याच्या फोनवर निरोप पाठवी, अमुक इतकं, अमुक भावाने, घेऊ का? एका मिनिटात त्याचा ‘हो’ आला तरच खरेदी.

आता दादाचं ते एक मिनिट कसं जायचं? फोन वाजला की तो चष्मा काढणार, सदऱ्याच्या टोकाने पुसणार, आकडा सरळ वाचणार, मग उलटा वाचणार, दशांशचिन्हावर बोट ठेवणार. अकरा सौद्यांपैकी नऊ असे हातचे गेले. भाव काही कुणासाठी थांबत नाही. मी चिडलो. आणि एका दुपारी चौथी खोली उभी केली. आत सात ओळींचा प्रोग्राम. बॉटचा प्रश्न गेला रे गेला की दादाच्या निरोपांच्या खात्यावरून ‘हो’ पाठवायचं, सेकंदाच्या आत. त्याचा फोन मीच लावून दिला होता, त्यामुळे पासवर्ड मला माहीत होता. खोलीचं नाव गमतीने ‘दादा’ ठेवलं. दोन दिवस चालवून बघू, मग सांगू, असं ठरवलं होतं.

चौथ्या दिवशी तो घरी आला. खुर्चीच्या कडेवर टेकून त्याने फोन माझ्यापुढे धरला.

“याला मी हो म्हटलं होतं?”

तेव्हा सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. चिडला असता, दोन दिवस बोलला नसता.

“दादा, तूच तर म्हणालास,” मी म्हटलं. “बघ ना, तुझ्याच फोनवर आहे.”

त्याने चष्मा पुसला आणि स्वतःच्या नावाखालचा तो शब्द बराच वेळ वाचला.

“आहे खरं,” तो म्हणाला.

३

पैसे बुडाले, निम्म्याहून जास्त. पण पैशांबद्दल दादाने तोंडातून ब्र काढला नाही. दुसरंच बुडालं.

त्याने वही केली. दिवसभरात काय केलं ते वेळेसकट लिहायला लागला. दाराला कुलूप लावून जिना उतरायचा आणि पुन्हा वर जाऊन कुलूप ओढून बघायचा, दोनदा, तीनदा. निवृत्तीनंतर घरी आणून तपासायचा ती कामं त्याने सोडली. बरोबर असलेल्या शब्दांवरसुद्धा खूण करावीशी वाटते, म्हणाला. डॉक्टरकडे मीच घेऊन गेलो. शंभरातून सात-सात वजा करत उलटं मोजायला सांगितलं, ते त्याने धडाधड मोजलं आणि वर डॉक्टरलाच सांगितलं की हे जमतंय यावर जाऊ नका, मला न आठवणाऱ्या गोष्टी मी करतो, पुरावा आहे. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. मी शेजारच्या खुर्चीवर बसून माझ्या चपलेचा अंगठा बघत होतो.

मग त्याने स्वतःच ठरवलं की नर्सची सोय असलेल्या वृद्धाश्रमात जायचं. गॅस चालू ठेवून बसेन एखाद्या दिवशी, त्याआधी गेलेलं बरं. मी गाडीने सोडायला गेलो. चाळीस मिनिटांचा रस्ता. प्रत्येक सिग्नलला मी तोंड उघडत होतो आणि हिरवा दिवा लागला की मिटत होतो. जीभ रेटेना. फोन त्याने तिथे नेलाच नाही. त्यातून काहीतरी करून बसेन, म्हणून माझ्याकडे दिला.

त्याच संध्याकाळी मी ‘दादा’ पुसला, त्याचं खातं बंद केलं आणि बॉटचे प्रश्न माझ्या स्वतःच्या फोनवर वळवले. बॉट मात्र चालूच ठेवला. बुडालेलं भरून काढायचं, पैसे दादाच्या हातात ठेवायचे आणि मग सगळं सांगायचं, असा माझा बेत होता. आधी पैसे, मग कबुली. चार महिने मी हेच स्वतःला सांगत होतो.

आणि त्या आठवड्यात मुदत आली. आश्रमातल्या सिस्टरनी सोमवारी फोन करून कळवलं की दादाने स्वतःहून कागद मागवला आहे. माझं डोकं ठिकाणावर नाही, यापुढचे सगळे निर्णय माझ्या भावाने घ्यावेत, असा कागद. शुक्रवारी डॉक्टर येणार, त्यांच्या समोर सही. ती झाली की दादा कायद्यानेसुद्धा वेडा.

४

म्हणून मंगळवारी ते नाव बघून आधी मला रागच आला, स्वतःचा. म्हटलं, नीट पुसलं नसेल. ‘पडली तर पुन्हा उभी कर’ अशी एक आज्ञा असते, ती मागे राहिली असेल. प्रत्येक गोष्टीला कारण असतं आणि ते बहुतेक वेळा आपलाच आळस असतो.

मी खोलीतली नोंदवही उघडली. बॉटने विचारलेला प्रत्येक प्रश्न आणि उत्तराला लागलेला वेळ तिथे लिहिलेला असतो. माझ्या सात ओळी सेकंदाच्या आत उत्तर देत. इथे लिहिलं होतं: एक्कावन्न सेकंद. त्रेपन्न. अठ्ठेचाळीस. त्रेपन्न. चार महिन्यांचे सगळे ‘हो’, आणि एकही मिनिटाच्या बाहेर गेलेला नाही. मी माझ्या फोनवरून लगेच उत्तर द्यायचो, मग एवढा वेळ आत कोण काय करत होतं? प्रोग्राम उघडला तर त्यात थांबायची आज्ञा कुठेच नव्हती. सातच ओळी होत्या, माझ्याच.

मी ती खोली थांबवली. पुसली. जिच्यावरून ती उभी राहते तो मूळ साचाही पुसला. यादी मागवली: तीन. उठून खिडकी उघडली, इस्त्रीच्या टेबलावरच्या कपड्यांच्या उगाच घड्या घातल्या. परत येऊन यादी मागवली. ‘दादा’, चार महिने.

मग मी टेबलाखाली वाकून प्लगच ओढला. पंखा हळू होत गेला आणि थांबला. तो आवाज तीन वर्षं जवळजवळ अखंड चालू होता, त्यामुळे तो थांबल्यावर घरातले दुसरे आवाज ऐकू यायला लागले, नळाचा थेंब, वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवल्याचा. प्लग हातात धरून मी गुडघ्यांवर बसलो होतो.

वर टेबलावर माझा फोन थरथरला. बॉटचा प्रश्न होता: घेऊ का? मी तो हातात घेतला नाही. नुसता उठून त्यावर वाकून बघत राहिलो. कॉम्प्युटर बंद आहे, तेव्हा हा निरोप आधीचा, वाटेत अडकलेला असणार, असं मनाशी म्हटलं. पडदा विझायला आला होता तेवढ्यात प्रश्नाखाली उत्तर उमटलं. माझ्या बाजूला, माझ्या नावाने. हो.

५

बुधवारी संध्याकाळी बायको आली तेव्हा गॅलरीतली ट्रंक जागेवर नव्हती. दादाची ट्रंक. आत त्याने तपासलेल्या जुन्या मुद्रितांचे गठ्ठे होते. मी दुपारी डुलकी घेतली होती, पण घराबाहेर पडलो नव्हतो. ट्रंक कुठे गेली, म्हणून मी तिला विचारलं.

ती चपला काढता काढता थांबली. तिचं म्हणणं, रद्दीवाल्याला बोलावू का, असं तिने दुपारी फोनवर विचारलं होतं, आणि मी बोलाव म्हटलं होतं. तो येऊन घेऊनसुद्धा गेला होता. दार मीच उघडलं, असं रद्दीवाल्याने तिला फोनवर सांगितलं होतं.

“मी कधी हो म्हटलं?”

वाक्य तोंडातून निघालं आणि मला खुर्चीच्या कडेवर टेकलेला दादा दिसला.

“अरे, म्हणालास की,” ती म्हणाली. “आधी बराच वेळ गप्प होतास. मला वाटलं लाइन गेली. मग म्हणालास हो.” तिने फोन काढून दाखवला. कॉल होता, माझ्या नंबरवर. एक मिनिट चार सेकंद.

मी तो बराच वेळ बघत राहिलो. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. दादाचं सुरू झालं तेव्हा मी त्याच्याकडे असाच बघायचो, काळजी वाटल्यासारखं, आणि मला तर सगळं माहीत होतं. डॉक्टरांना दाखवून येऊ या का, असं तिने हळूच विचारलं. दादाचेच डॉक्टर चांगले आहेत, म्हणाली.

तिला सगळं सांगावंसं वाटलं. पण आधी दादाला, हे मनात पक्कं झालं होतं. पैसे मिळोत न मिळोत. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण माझं खवखवणं आता घशातून बाहेर घरभर पसरायला लागलं होतं. दुसऱ्या दिवशी सर्व्हर बंद पडला म्हणून एका दवाखान्यात अडकलो, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. म्हणून शुक्रवारी डॉक्टर यायच्या आत गाठायचं ठरवलं.

६

आश्रमाच्या दाराशी टेबल आहे आणि त्यावर भेटायला येणाऱ्यांची वही. नाव, येण्याची वेळ, जाण्याची वेळ. मी दहा वाजून पाच मिनिटांनी पोचलो. नाव लिहायला वाकलो आणि वरच्याच ओळीत माझं नाव दिसलं. तारीख कालची. अक्षर माझं, तो शेवटच्या अक्षराखाली ओढायची सवय असलेला फराटासुद्धा माझा. येण्याची वेळ लिहिलेली होती. जाण्याची जागा कोरी होती.

वॉचमनला विचारलं तर तो हसला. जाताना लिहायचं सगळेच विसरतात, साहेब.

काल मी दवाखान्यात होतो. कंपाउंडरने मला चहा दिला होता. त्याला फोन करून विचारता आलं असतं. मी केला नाही. तो नाही म्हणाला असता तर काय, या विचाराने माझा हात खिशातच राहिला.

दादाची खोली कॉरिडॉरच्या टोकाला. पलंग, कपाट, दोन खुर्च्या, आणि कोपऱ्यात मोरीच्या पुढे ओढलेला जाड पडदा. दादा पलंगावर बसून लिहीत होता. मला बघून त्याने वेळ लिहिली आणि वही मिटली.

“आज चष्मा विसरलास?” तो म्हणाला.

मला चष्मा नाही. कधीच नव्हता. मी खुर्ची ओढून त्याच्या समोर बसलो आणि जे सांगायला आलो होतो ते सांगितलं. चौथी खोली, सात ओळी, पासवर्ड. एकही ‘हो’ त्याचा नव्हता. त्याचं डोकं पूर्वीइतकंच शाबूत आहे, त्याच्याकडून एक चूकसुद्धा झालेली नाही, चूक सगळी माझी, आणि भित्रेपणा त्याहून मोठा. बोलता बोलता मी रडायला लागलो. चार महिने पोटात ठेवलेलं सगळं बाहेर आलं आणि मला खरंच हलकं वाटलं.

दादाने पूर्ण ऐकलं. मग त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

“कधीपासून होतंय तुला हे?”

“काय?” मी विचारलं.

काल मी येऊन इथेच बसलो होतो, असं त्याने समजावून सांगितलं, अगदी हळू, मी लहान असताना गणित समजवायचा तसं. कागदावर सही करायच्या आधी एकदा सोक्षमोक्ष लावावा, म्हणून त्याने मला सरळच विचारलं होतं: माझ्या वतीने तू कधी हो म्हटलं होतंस का? शंका त्याला पहिल्या दिवसापासून होती. मुद्रितं तपासणारा माणूस तो, एवढी ठळक चूक त्याच्या नजरेतून कशी सुटेल? पण आपण वाढवलेल्या पोराबद्दल असा विचार मनात आला, याचीच त्याला लाज वाटायची.

“तू चष्मा पुसलास,” दादा म्हणाला. “चांगला वेळ घेतलास. आणि नाही म्हणालास. शपथेवर.” त्याने वही उघडून दाखवली. गुरुवार, वेळ, प्रश्न, उत्तर, सगळं लिहिलेलं होतं. “मला बरं वाटलं रे. डोकं गेलं तर गेलं, भाऊ तर शाबूत आहे. आणि आता तू हे सांगतोस. तुझं कालचं तुला आठवत नाही, आणि न केलेलं आठवतंय. मलाही असंच सुरू झालं होतं.”

मी त्याचे दोन्ही हात धरले. काल आला तो मी नव्हतो, असं सांगायला लागलो आणि अर्ध्यावर थांबलो, कारण ते वाक्य माझं मलाच ऐकू आलं.

दारात सिस्टर आल्या. मागे डॉक्टर होते. डॉक्टर लवकरच आले होते आणि दादाची सही त्यांच्यासमोर घेऊनही झाली होती, राहिली होती फक्त माझी संमती. सिस्टरनी कागद माझ्यापुढे धरला आणि विचारलं, यापुढे यांच्या वतीने सगळे निर्णय तुम्ही घ्यायचे, मान्य आहे ना?

नाही म्हणायचं होतं. एवढा एकच शब्द. मी श्वास घेतला, ओठ उघडले, आणि आवाज बाहेर पडेना. सगळे थांबले होते. कॉरिडॉरमध्ये कुणीतरी बादली सरकवत होतं. सिस्टर समजुतीने हसत होत्या, घाई नव्हती कुणालाच. माझ्या पाठीमागे कापड घासल्याचा बारीक आवाज येत होता, काचेवर सदऱ्याचं टोक फिरवल्याचा, सावकाश, एकेका काचेवर. मी मान वळवली. पडद्याखाली माझ्या चपलांसारख्या चपला दिसल्या, पाय आत असलेल्या, आणि फटीतून माझी कोपरापर्यंत दुमडलेली बाही. मोजत नव्हतो, तरी मला माहीत होतं की अजून मिनिट व्हायचं आहे.

“हो,” माझा आवाज म्हणाला.

माझं तोंड मिटलेलं होतं. सिस्टरनी मान डोलावली, माझ्याकडे न बघता, जरा माझ्या मागे बघून, आणि कागदावर खूण केली. डॉक्टरांनी वेळ लिहिली. दादाने माझा हात थोपटला आणि वहीतलं एक कोरं पान फाडून माझ्या खिशात घातलं.

“घाबरू नकोस,” तो म्हणाला. “जे जे करशील ते लिहून ठेवत जा. आणि काही अडलं, तर मला विचार. मी खोटं सांगणार नाही तुला.”